वेढ्यातलं बारसं

एका राज्यात वारस होते दोन आणि गादी होती एक. तिथूनच सगळं बिनसलं.

थोरली राजकन्या भद्रावती, धाकटा राजपुत्र मणिधर. म्हातारा राजा गेला तेव्हा थोरली सरहद्दीवर लढत होती. दरबाऱ्यांनी घाई केली आणि धाकट्याच्या कपाळी राजटिळा लावला. थोरलीला कुणी निरोप धाडला नाही. बाप गेल्याचं तिला एका मीठवाल्याने सांगितलं, तेही मीठ मोजता मोजता, बोलण्याच्या ओघात. तिने घोडा वळवला, फौज आणली आणि राजधानीला वेढा घातला.

त्या दिवशी तिने विस्तवावर हात धरून शपथ घेतली. "मणिधराच्या घराशी माझा अबोला. हा तट पडेस्तोवर त्या घरातल्या कुणाशी एक शब्द बोलणार नाही. बोलले, तर माझ्या जिभेची राख होवो."

त्या राज्यात शपथा खऱ्या होत असत.

तट मात्र पडणारा नव्हता. तो गवंड्यांनी बांधलेला नव्हताच मुळी. सात पिढ्यांमागे एका मांत्रिकाने तो जमिनीतून उगवून आणला होता, आपल्या वाफ्यात मेथी उगवते तसा. त्या मांत्रिकाला लोक बिननाव्या म्हणत, कारण त्याचं नाव कुणी ठेवलंच नव्हतं. तट उगवून झाल्यावर तेव्हाच्या राजाने विचारलं, "बदल्यात काय देऊ?"

बिननाव्या म्हणाला, "तुझ्या वंशातल्या ज्या बाळाला बाराव्या दिवसाच्या दिवेलागणीपर्यंत त्याची सख्खी आत्या नाव ठेवणार नाही, ते बाळ माझं."

राजा पोट धरून हसला. "बारशाला आत्या आली नाही, असं कधी झालंय का? तिला नको म्हटलं तरी ती चार दिवस आधी येऊन बसते."

आणि विडा देऊन त्याने बोलणं पक्कं केलं. सात पिढ्या आत्या येत राहिल्या. शाप निजून राहिला.

वेढ्याला चार महिने होत आले आणि मणिधराची राणी कुमुदा बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी होती, पण धुरीला ओवा नव्हता. अळीव संपले होते, डिंक संपला होता. राणी ज्वारीची पातळ पेज पीत असे आणि दूध उतरायची वाट बघत असे. बाळ झोपलं की ती त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघे. श्वास लागला की बोट मागे घेई, मनात दहा मोजी आणि पुन्हा धरी.

नवव्या दिवशी बाळाला कोवळ्या उन्हात धरलं, तर जमिनीवर राणीची एकटीचीच सावली पडली.

दहाव्या दिवशी बाळ रडलं. तोंड उघडलं, ओठ थरथरले, पाय झाडले, पण आवाज आला नाही.

अकराव्या दिवशी बाळ हलकं झालं. परडीत फुलं घेऊन जावं तितकंच वजन हाताला लागू लागलं. राणीने ओळखलं, बिननाव्याचा शाप जागा झाला. तिने घाबरून आपल्या बहिणीला, म्हणजे बाळाच्या मावशीला बोलावलं आणि नाव ठेवायला सांगितलं. मावशीने कुर्र केलं, कानात नाव सांगितलं. नाव या कानातून आत गेलं आणि त्या कानातून टपकन फरशीवर पडलं, वाटाण्यासारखं. घरंगळत पलंगाखाली गेलं. काय नाव होतं, ते मावशीलाही आठवेना.

तेव्हा बिननाव्या उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला. सभ्य होता. चपला बाहेर काढल्या होत्या.

"उद्या दिवेलागणीला येतो," तो म्हणाला. "घाई नाही."

राणी मणिधराकडे गेली.

"महाराज, वन्संना बोलवा."

"कोणाला?"

"बाळाच्या आत्याला."

"ती आता कुणाची आत्या नाही, कुमुदा. ती शत्रू आहे."

"शत्रू तुमच्या असतील. हिच्या त्या आत्याच."

"ती पोरीला ओलीस धरील. मग मला वेस उघडावी लागेल. तटाच्या आत अडीच हजार चुली आहेत. त्यांना मी काय सांगू?"

त्याचंही खोटं नव्हतं. तो पाळण्यापाशी आला, वाकला, हात पुढे केला आणि मागे घेतला. हाताला काही लागलंच नाही तर, असं त्याला वाटलं असावं. तो गेला आणि बुरुजावर जाऊन उभा राहिला.

बाराव्या दिवशी उजाडलं. राणीच्या खिडकीत सातभाई येऊन बसले. हे पक्षी मातकट रंगाचे, थव्याने हिंडणारे आणि दिवसभर एकमेकांशी कचाकचा भांडणारे. त्या राज्यात पक्षी बोलत, त्यात नवल नव्हतं. नवल इतकंच की सातभाई आपसात ठरवून आले होते.

"ही रडते आहे," पहिला म्हणाला.

"आम्हाला डोळे आहेत," दुसरा म्हणाला.

"मला सांगायचं ठरलं होतं ना? मग मध्ये चोच घालू नकोस. बाई, ऊठ. बाळाच्या आत्याकडे जा. वाटेत तीन अडथळे आहेत. एक वेस, दोन खंदक, तीन अबोला. पहिले दोन सोपे आहेत."

"सोपे? खंदकात मगर आहे!" तिसरा ओरडला.

"अबोल्यापेक्षा सोपीच म्हणायची."

कुमुदाने डोळे पुसले. "तुम्ही सख्खे भाऊ, एवढे भांडता, तरी एका फांदीवर कसे राहता?"

सातही जणांनी तिच्याकडे असं पाहिलं, की हिला एवढंही कळू नये.

"वेगळे राहिलो तर भांडायचं कोणाशी?" सर्वांत धाकटा म्हणाला.

कुमुदाने अंगावरचं सोनं उतरवलं. साधं लुगडं नेसली. बाळाला कुंची घातली, झोळी करून छातीशी बांधली आणि वेशीपाशी आली.

वेशीला तोंड होतं आणि ती मोजकं बोले.

"कुठे?" वेशीने विचारलं.

"बाहेर."

"शत्रूकडे जाणाऱ्याला सोडायचं नाही. राजाज्ञा आहे."

"शत्रूकडे कोण चाललंय? मी नणंदेकडे चालले आहे."

वेस विचारात पडली. तिच्या बिजागऱ्या करकरल्या. बराच वेळ करकरल्या.

"नणंदेबद्दल आज्ञा नाही," ती अखेर म्हणाली आणि एक बाई आडवी होऊन जाईल एवढी फट तिने दिली.

पुढे खंदक. खंदकातून मगर वर आली. अंगावर शेवाळ, डोळ्यांत थकवा.

"पाठीवरून नेईन," मगर म्हणाली. "आधी माझं काम. माझी एकवीस पिल्लं आहेत. वेढ्याचे नगारे वाजू लागल्यापासून एकाचा डोळ्याला डोळा नाही. माझाही नाही. निजव त्यांना."

कुमुदा चिखलात बसली. अंगाई म्हणावी तर घसा सुकलेला. मग तिने नुसतं थोपटलं आणि 'अं अं' केलं. एक निजलं, दुसरं निजलं. ऊन चढत गेलं. विसावं निजलं. एकविसावं काही केल्या निजेना. त्याने तिचं बोट दातांत धरलं आणि डोळे उघडे ठेवून पडून राहिलं. दात लागत होते. तिने बोट काढून घेतलं नाही. दुसऱ्या हाताने थोपटत राहिली. ते निजलं तेव्हा ऊन पार डोक्यावर आलं होतं.

मगर कुजबुजली, "तुझं का रडत नाही?"

"आवाज गेलाय तिचा."

मगरीने पाठ पुढे केली. पलीकडे उतरवताना इतकंच म्हणाली, "पाय जपून टाक. कच्ची बाळंतीण तू."

छावणीत भाले रोखले गेले. तेवढ्यात एक मिशाळ शिपाई पुढे झाला आणि बाकीच्यांवर ओरडला, "भाले खाली करा, मूर्खांनो! बाळंतीण आहे!" भाले खाली आले. वाट झाली.

डेऱ्यात भद्रावती उभ्यानेच भाकरी खात होती. अंगात चिलखत, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळं. कुमुदाने वाकून नमस्कार केला.

"वन्सं, पाया पडते."

भद्रावतीने तोंड फिरवलं. घास गिळला.

"तुमची शपथ मला ठाऊक आहे. माझ्याशी बोलू नका. पण वन्सं, हिला अजून नाव नाही. नाव नाही तोवर ही कुणाच्याच घरची नाही. तुमच्या शपथेत ही बसत नाही."

भद्रावती हळूच वळली, झोळीपाशी आली आणि आत डोकावली. बाळाने डोळे किलकिले केले. डेऱ्याच्या दारातून ऊन आत येत होतं, आणि बाळाची सावली नव्हती.

भद्रावती बाळाला म्हणाली, "सांग गं तुझ्या आईला, कुंची नीट बांध म्हणावं. वारं लागतंय."

कुमुदाने झोळी सावरली. ती तिथेच खाली बसली. चार महिन्यांत त्या तटाच्या आतबाहेर झालेला हा पहिला शब्द.

"बाळा," तिने कुंचीची नाडी बांधत म्हटलं, "आत्याला सांग, आज बारावा दिवस आहे. दिवेलागणीला तो यायचाय."

"बाळा, आईला सांग, मला ठाऊक आहे. या घराण्यात मीही जन्मले आहे." मग तिने हातातली भाकरी खाली ठेवली. "आणि हेही सांग, माझा बाप गेल्याचं मला मीठवाल्याने सांगितलं. चुलीवर पाणी ठेवलं होतं मी. आंघोळ करावी की नाही, एवढंही मला कळेना."

"आत्याला सांग, ते चुकलंच."

"आईला सांग, तिच्या तोंडून नको. ज्याचं चुकलं त्याने म्हणावं."

मग भद्रावती बाळाच्या तळपायावरून बोट फिरवत म्हणाली, "मी नाव ठेवीन. पण आवतणाशिवाय आत्या बारशाला जात नाही. आवतण भावाने द्यायचं. पायी येऊन, बिनहत्यारी, मुठीत अक्षता घेऊन. ही जुनी रीत आहे. मी नवं काही मागत नाही."

सातभाई डेऱ्यावर बसून ऐकत होते. ते उडाले. निरोप कुणी सांगायचा यावरून वाटेत त्यांची तीन भांडणं झाली.

मणिधर सकाळपासून बुरुजावर होता. राणी खंदक ओलांडून गेल्याचं त्याने पाहिलं होतं. हातातलं धनुष्य त्याला वर उचलवत नव्हतं आणि खाली ठेववत नव्हतं.

"राजा, अक्षता घे आणि चल," पहिला पक्षी म्हणाला.

"म्हणजे तिने मला शरण बोलावलंय."

"छे. बारशाचं आवतण मागितलंय."

"दोन्ही एकच की!"

"एकच कसं?" धाकटा पक्षी चिडला. "शरण जाताना हात रिकामे असतात. आवतणाला मुठीत तांदूळ असतात. राजा झालास आणि एवढं ठाऊक नाही?"

प्रधान मध्ये पडला. "महाराज, आपण या तटाबाहेर पाऊल टाकलंत की राज्य गेलं, समजा."

मणिधराने धनुष्य प्रधानाच्या हातात दिलं. "धरा हे."

कोठीत तांदूळ शोधले. चार महिन्यांच्या वेढ्यात तांदूळ कुठले? एका पोत्याच्या शिवणीत अडकलेले निघाले, मूठभरही नाहीत. त्यांना कुंकू लावलं आणि मणिधर निघाला. खंदकाच्या मगरीने त्याला कामही सांगितलं नाही की प्रश्नही केला नाही. "आवाज न करता बस," एवढंच म्हणाली. पिल्लं निजलेली होती.

तटावर त्याची फौज, माळावर तिची फौज. मधून तो एकटा चालत आला. ऊन कलत होतं. भद्रावती डेऱ्याबाहेर उभी होती, शेजारी झोळी घेऊन कुमुदा. मणिधर समोर आला आणि त्याला बहिणीकडे बघवेना. तो झोळीकडे बघून म्हणाला, "बाळा, आत्याला सांग..."

"बाळा," भद्रावती म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, शपथ मी घेतली आहे. त्याने नाही. माझ्या तोंडाकडे बघून बोल म्हणावं."

मणिधराने वर पाहिलं.

"अक्का, चुकलं माझं. निरोप धाडायला हवा होता. मला वाटलं, तू आलीस की मला गादीवरून उठवशील. दरबारी तेच म्हणाले, आणि मला ते पटलं, कारण मी भ्यालो होतो. बाबा शेवटचे दोन दिवस तुझंच नाव घेत होते. तेही मी कळवलं नाही." त्याने मूठ पुढे केली. "तुझ्या भाचीचं बारसं आहे. यायचं करावं."

भद्रावतीने ओंजळ धरली. लाल झालेले ते चार दाणे तिने मोजल्यासारखे पाहिले आणि डोक्याला लावले.

पाळणा नव्हता. तिने आपली ढाल उताणी केली, आत घोड्याचं मऊ खोगीर अंथरलं आणि कुमुदाने बाळ त्यात ठेवलं. चार शिपायांनी चार बाजूंनी ढाल धरली. बाळाच्या अंगाला आता इतकंसं वजनही नव्हतं की खोगीर दबावं. सूर्य माळाला टेकला. तेव्हा बिननाव्या येऊन उभा राहिला. दोन पावलं दूर, हात पसरून, सभ्यपणे.

भद्रावती वाकली. "कुर्र्र्र," तिने बाळाच्या कानात केलं आणि नाव सांगितलं.

नाव आत गेलं. आणि दुसऱ्या कानाच्या पाळीशी त्याचं टोक दिसू लागलं.

"धपाटे!" सातभाई एकदम ओरडले. जन्मात पहिल्यांदा सातांचं एकमत झालं होतं. "आत्याच्या पाठीत धपाटे घाला! त्याशिवाय नाव रुतत नाही!"

कुमुदाने धपाटा घातला. तो चिलखतावर ठण्णकन वाजला आणि वाया गेला. नाव अर्ध्याहून अधिक बाहेर आलं. बिननाव्याने ओंजळ केली.

भद्रावतीने क्षणभर तटाकडे पाहिलं. तिथे भावाचे तीनशे तिरंदाज होते. मग तिने खांद्यावरचे पट्टे ओढले, चिलखत उतरवलं आणि मातीत टाकलं. आत साधी, घामाने भिजलेली चोळी होती. ती ढालीवर वाकली आणि पाठ दिली.

मणिधराने हात उगारला.

आपल्या सेनानीवर शत्रूने हात उगारलेला बघताच माळावरची सगळी फौज भाले सरसावून पुढे आली.

"खबरदार!" भद्रावती वाकलेलीच गरजली. "कुणी हलायचं नाही! बारसं चालू आहे!"

फौज जिथल्या तिथे थांबली.

आणि मणिधराने धपाटा घातला. असा घातला, की पलीकडच्या तटावर ऐकू गेला. जन्मल्यापासून थोरलीने काढलेल्या सगळ्या खोड्या, ओढलेले कान, पळवलेले लाडू, आणि हे चार महिने, सगळं त्या हातात होतं. मागोमाग कुमुदाचा धपाटा पडला, आता नीट, पाठीवर. नाव मागे सरकलं, कानात शिरलं आणि रुतून बसलं.

"बकुळा," भद्रावतीने सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मणिधर बघतच राहिला. भातुकलीतल्या त्यांच्या बाहुलीचं नाव बकुळा होतं. तिच्या बारशाला आत्या कुणी व्हायचं यावरून दोघांची मारामारी झाली होती, आणि धाकटा रडला म्हणून शेवटी आत्या तो झाला होता.

बिननाव्याने आपल्या रिकाम्या ओंजळीकडे पाहिलं.

"तुमच्यात बरं असतं," तो म्हणाला. "पाठीत मारतात आणि माणूस होतं."

तो वळला आणि चालू लागला. बदल्यात काही मिळालं नाही, म्हणून त्याने उगवून आणलेला तटही त्याच्यामागून गेला, आधी बुरूज, मग भिंती, मग वेस, जसं ओढल्यावर वस्त्र सरतं तसा. मागे उघडं शहर राहिलं. दारात उभ्या बायका, हातात पळ्या, कडेवर पोरं, सगळी माळाकडे बघत होती. तिरंदाज जमिनीवर उभे होते आणि आपण कशावरून उतरलो ते त्यांना कळत नव्हतं. वेढा कशाला घालायचा, तेच आता उरलं नव्हतं.

तट पडला, तशी शपथ सुटली. भद्रावतीने भावाकडे पाहून तोंड उघडलं. दोन्ही फौजा कान देऊन उभ्या राहिल्या, की आता काय हुकूम होतो.

"किती रे वाळलास," ती म्हणाली. "जेवत नाहीस का?"

गादीचं काय ठरलं, असं विचाराल, तर त्यावर पुढे तीन दिवस वाद झाला, मोठमोठ्याने, एका पंगतीला बसून. शेवटी गादी अक्काची, तिच्यामागे बकुळेची, आणि मणिधराने कोठारं आणि न्याय बघावा असं झालं. त्याला ते मनापासून मानवलं. तलवार त्याला कधी आवडलीच नव्हती.

पण हे सगळं नंतरचं. त्या सांजेला, तट गेल्यावर, आधी ढालीत एक इवलीशी सावली पडली. मग खोगीर दबलं, आणि ढाल धरलेले चार शिपाई एकदम म्हणाले, "जड झाली!" मग बकुळेने तोंड उघडलं आणि ती रडली. तीन दिवसांचं साचलेलं रडणं होतं ते. घोडे बिचकले. सातभाई उडाले.

"आत्यावर गेलीय," मणिधर म्हणाला.

भद्रावतीने त्याच्या पाठीत एक घातला.

कुमुदाने लेक उचलली. अंगभर वजन लागलं, तशी तिच्या छातीत कळ आली आणि चोळी भिजली. चार महिने उपाशी असलेल्या बाईला दूध उतरलं होतं. ती तिथेच माळावर मांडी घालून बसली आणि तिने मान वर करून दोन्ही फौजांकडे पाहिलं.

"तिकडे तोंडं करा सगळ्यांनी," ती म्हणाली. "हिला पाजायचंय."

आणि दोन वारसांच्या दोन फौजांनी, भाले खांद्यावर घेऊन, मुकाट पाठ फिरवली.